बारीक टाइपातलं

सतरा वर्षं मी दुसऱ्यांची भीती मोजते आहे.
शार्जाच्या खाडीला लाकडी गलबतं लागतात,
कांदे, टायर, जुने फ्रिज, दुधाची भुकटी भरून
बोसासोला, बर्बेराला जाणारी,
आणि मी दुसऱ्या मजल्यावर बसून
प्रत्येकाच्या बुडण्याची किंमत लिहिते.
शेकडा शून्य पूर्णांक चार.
वाऱ्याचे महिने असतील तर थोडी चढवून.

मे महिन्यात पहिल्यांदा झालं.
समोर नाखवा बसलेला, कच्छचा, म्हातारा.
मी हप्ता सांगत होते आणि छातीतून
काहीतरी वर चढत आलं, मानेवर, कानांमागे,
कुणी आतून स्टोव्हला पंप मारावा तसं.
एसी अठरावर होता.
टप्पकन घाम पडला, नेमका आकड्यावर.
म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला.
त्याच्याही घरी बायको असणार.

बाहेर सत्तेचाळीस. आतलं कोण मोजणार?
रात्री तीनदा उठून गाउन बदलायचा.
श्रीरंग दुलईत, पायांत मोजे घालून,
एका शब्दाने बोलला नाही, तेच जास्त लागायचं.

आई फोनवर म्हणाली, सुटलीस एकदाची.
आम्ही नाही हो गेलो डॉक्टरकडे असल्यासाठी,
ओला पंचा मानेवर घेऊन बसायचो मोरीपाशी.
त्याच मोरीत ती सहासष्टाव्या वर्षी नुसती घसरली
आणि खुबा काचेच्या बांगडीसारखा गेला.
ते ती बोलली नाही.
म्हणाली, इंदूचं लक्षात ठेव.

इंदूमावशी. डाव्या बाजूला
रुमालाची घडी घालायची ब्लाउजमध्ये, इतकी नीट
की पाहुण्यांना कळायचं नाही.
मला माहीत होतं. घडी मीच करून द्यायचे.

डॉक्टर बुशरा मोसुलच्या. आधी छातीचा फोटो काढवला,
मग विचारलं, मावशीचं वय तेव्हा?
अडुसष्ट.
हार्मोन घ्यायची?
च्यवनप्राश घ्यायची.
दोघी हसलो. मग त्या थांबल्या.
झोप येईल, म्हणाल्या, या वाफा बहुतेक जातील,
घेताय तोवर हाडं धरून राहतील.
गर्भाशय आहे, म्हणून पट्टीसोबत रात्रीची एक गोळी,
नाहीतर अस्तर वाढत बसतं.
रक्ताच्या गुठळीची भीती पोटातल्या औषधाने वाढते,
कातडीवरच्या पट्टीने तशी नाही.
दोन्ही मिळून वर्षानुवर्षं घेतलं
तर छातीचा धोका थोडा वाढतो.

थोडा म्हणजे किती? माझा धंदाच हा.
हजार बायकांत काही जणी जास्तीच्या.
एका हाताची बोटं. फार तर दोन्ही हातांची.

असल्या आकड्यांवर मी जेवता जेवता सही करते.
पण त्या आकड्यांना कधी ब्लाउज नव्हता.

खोका तीन आठवडे लोणच्याच्या बरणीशेजारी.
आतला कागद चादरीएवढा,
एका अंगाला अरबी, दुसऱ्या अंगाला इंग्रजी.
बारीक टाइप वाचण्याचा मला पगार मिळतो.
चष्मा लावून दोनदा वाचला.
न घेण्याचा कागद मात्र कुणी छापलेला नाही,
तो मी पहाटे तीनला, गाउन पिळताना, तोंडी वाचत होते.

एका सोमवारी लावली. ओटीपोटाखाली, कमरेच्या कडेला.
टिकलीपेक्षा मोठी, पारदर्शक.
काहीच झालं नाही.
बाराव्या की तेराव्या रात्री
डोळे उघडले तर फजरची बांग चालू होती,
गाउन कोरडा,
श्रीरंगची दुलई खाली जमिनीवर.

नाखवा परत आला, बर्बेराहून, एक शीड फाटलेलं.
हप्ता तोच का, म्हणाला.
म्हटलं, तोच. वर्षाने पुन्हा बघू.
हे डॉक्टरांचंच वाक्य होतं.

महिन्यातून एकदा नळ बंद करून
तीन बोटांनी गोल गोल चाचपते,
डावीकडे जरा जास्त वेळ.

सोमवार आणि गुरुवार, पट्टी बदलायची.
कॅलेंडरवर मी नुसतं टिंब देते.
श्रीरंगला वाटतं, पाण्याच्या बाटल्यांचा हिशोब.